मदत हवी आहे: ड्रायव्हिंग स्कूल चालकांच्या संघटनेने निवेदन कोणाकडे द्यावे आणि नोंदणी कोणत्या कायद्याखाली करावी?

नमस्कार.

आमच्या जिल्ह्यातील मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालकांनी संघटना स्थापन करण्याचे ठरवले आहे आणि परिवहन खात्याला द्यायच्या निवेदनाचा मसुदा करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. मागण्यांची यादी बैठकीत सहज तयार झाली. पण ती कोणापुढे मांडायची यावर एकमत होत नाही. बहुतेकांचे म्हणणे असे की, सगळ्या मागण्या एकाच पत्रात लिहून ते पालकमंत्र्यांच्या हाती द्यावे. मला ते पटत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १२ नुसार ड्रायव्हिंग स्कूलसंबंधीचे नियम केंद्र सरकार करते आणि त्या नियमांप्रमाणे परवाने देणे व देखरेख ठेवणे हे राज्याचे काम आहे. जे राज्याच्या हातात नाही ते राज्याकडे मागितले, तर जे हातात आहे तेही त्याच पत्राबरोबर पडून राहील, अशी मला काळजी वाटते.

पहिली अडचण नूतनीकरणाची आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ नुसार स्कूलचा परवाना ५ वर्षांसाठी असतो. नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान ६० दिवस आधी करायचा असतो आणि निर्णयासाठी कार्यालयाला ९० दिवस दिलेले आहेत. म्हणजे चालकाने अगदी ६० दिवस आधी अर्ज केला आणि कार्यालयाने पूर्ण ९० दिवस घेतले, तर दोघांनीही नियम पाळलेला असूनही महिनाभर स्कूल परवान्याविना राहते. त्या महिन्यात नवे विद्यार्थी घ्यावेत का, फॉर्म ५ चे, म्हणजे प्रशिक्षण पूर्ण केल्याचे, प्रमाणपत्र द्यावे का, याचे उत्तर आमच्याकडे टेबलागणिक बदलते आणि लेखी कोणीच देत नाही.

दुसरी अडचण चाचणीच्या तारखांची. विद्यार्थ्याचे शिकणे पूर्ण होते, शिकाऊ लायसन्सचे ३० दिवसही उलटतात, पण लायसन्सच्या ‘सारथी’ या ऑनलाइन पोर्टलवर पक्क्या लायसन्सच्या चाचणीची तारीख बरीच पुढची मिळते. तोवर हात बसलेला सुटतो, आणि शिकाऊ लायसन्सची ६ महिन्यांची मुदत जवळ आली की विद्यार्थी आमच्याकडेच बोट दाखवतो.

तिसरा विषय सर्वांत मोठा आहे. ७ जून २०२१ च्या अधिसूचनेने मान्यताप्राप्त चालक प्रशिक्षण केंद्रांचे नियम आले आणि १ जुलै २०२१ पासून ते लागू झाले. अशा केंद्रात यशस्वी झालेल्या उमेदवाराला आरटीओची वाहन चालवण्याची चाचणी द्यावी लागत नाही. मात्र केंद्रासाठी हलक्या वाहनांकरिता किमान १ एकर आणि जड वाहनांकरिता २ एकर जागा लागते. प्रशिक्षक बारावी उत्तीर्ण हवा, तर आमच्या साध्या स्कूलसाठी दहावी पुरते. तालुक्याच्या गावात एक गाडी, एक गाळा, फळा, वाहतूक चिन्हांचे तक्ते आणि गिअरबॉक्स व ब्रेकचे सुटे भाग मांडून स्कूल चालवणाऱ्याने गावाजवळ एकरभर जमीन कोठून आणावी? मे २०२४ मध्ये ‘आता आरटीओत जाण्याची गरज नाही’ अशा बातम्या पसरल्या, तेव्हा साध्या स्कूलच्या प्रमाणपत्राने चाचणी माफ होत नाही आणि १ जूनपासून नियमांत काहीही बदल होणार नाही, असा खुलासा केंद्रीय मंत्रालयाला करावा लागला. तोपर्यंत आमच्याकडे विचारणा करून लोक परत जाऊ लागले होते.

काही सभासदांना केंद्रांचे हे नियमच रद्द व्हावेत असे वाटते. मला तसे वाटत नाही. हलक्या वाहनासाठी २९ तासांचा अभ्यासक्रम, त्यातले ८ तास वर्गात, हे प्रमाण योग्यच आहे, आणि ते पाळले तर रस्त्यावर चांगले चालक येतील. मागणी लहान स्कूलना त्या पातळीपर्यंत पोहोचण्याचा मार्ग खुला करण्याची असावी.

खासगी गाडीत, ड्युअल कंट्रोलशिवाय (म्हणजे प्रशिक्षकाच्या बाजूला वेगळे ब्रेक-क्लच नसताना), परवाना न घेता शिकवणाऱ्यांवर कारवाई व्हावी, ही मागणी सर्वांना मान्य आहे. पण तिच्या जोडीने आपल्या सभासदांसाठीही आचारसंहिता असावी, असा माझा आग्रह आहे. लायसन्स मिळवून देणे आपल्या हातात आहे असा समज विद्यार्थ्याच्या मनात निर्माण करू नये, हे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम २७ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. तास पूर्ण न करता फॉर्म ५ देणाऱ्याला संघटनेने पाठीशी घातले, तर आपल्या निवेदनाला वजन कसे राहील?

केरळचे उदाहरण बैठकीत वारंवार दिले जाते. तेथे २०२४ मध्ये चाचण्या कडक करणाऱ्या परिवहन खात्याच्या परिपत्रकाविरुद्ध स्कूल चालकांनी चाचण्यांवर बहिष्कार टाकला आणि मे महिन्यात मंत्र्यांशी चर्चा होऊन रोजच्या चाचण्यांची मर्यादा, जुनी वाहने आणि ड्युअल कंट्रोल या बाबतींत सवलती मिळाल्या. परंतु बहिष्काराच्या काळात अडकून पडतो तो विद्यार्थी, म्हणून तो मार्ग शेवटचा ठेवावा असे मला वाटते.

तर कोणती मागणी कोणाकडे न्यावी? नोंदणी कोणत्या कायद्याखाली करावी? आणि संघटनेने सर्व स्कूलसाठी समान शुल्क ठरवणे कायदेशीर आहे का? या तीन प्रश्नांवर मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद १

नोंदणीपुरते लिहितो. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली ७ जणांची संस्था नोंदवता येते, पण त्या कायद्यातील उद्दिष्टे प्रामुख्याने धर्मादाय, शैक्षणिक व वैज्ञानिक स्वरूपाची आहेत. कामगार संघटना अधिनियम, १९२६ (आता त्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता, २०२०) मधील व्याख्येत मालक-मालकांमधील संबंधांचे नियमन करणारी संघटनाही बसते, हे अनेकांना ठाऊक नसते. तरीही तुमचे उद्दिष्ट व्यवसायाचा विकास हे असेल, तर कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ८ खालील ना-नफा कंपनीचा विचार करावा. त्यात वाणिज्याचे संवर्धन हे उद्दिष्ट नावानिशी दिलेले आहे आणि नफा सभासदांत वाटता येत नाही. हिशेबाचे काम वाढते, म्हणून आधी सनदी लेखापालांशी बोलून घ्यावे.

प्रतिसाद २

समान शुल्काचा ठराव कृपया करू नये. स्पर्धा अधिनियम, २००२ च्या कलम ३ मध्ये स्पर्धकांनी मिळून किंमत ठरवण्याला मनाई आहे आणि संघटनेचा ठराव हा त्याचा थेट पुरावा ठरतो. औषध विक्रेत्यांच्या संघटनांना स्पर्धा आयोगाने दंड केलेला आहे. प्रत्येक स्कूलने आपले शुल्क आणि तासांची संख्या दर्शनी भागात लावावी, असे आचारसंहितेत लिहिता येईल.

निवेदनाबाबत तुमचा विचार बरोबर आहे. एका पत्राऐवजी तीन करावीत. चाचणीच्या तारखा व विनापरवाना शिकवणी हे विषय प्रादेशिक परिवहन अधिकाऱ्यांकडे न्यावेत आणि प्रत परिवहन आयुक्तांना द्यावी. नूतनीकरणातील मधल्या काळात काय करावे, याचे एकसारखे लेखी निर्देश आयुक्तांकडे मागावेत. ६० आणि ९० दिवसांचा मेळ घालणे मात्र केंद्राच्या नियमातील दुरुस्ती आहे. ते पत्र केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाला जावे. अधिनियमाच्या कलम २१२ नुसार नियम करण्यापूर्वी मसुदा प्रसिद्ध करावा लागतो. अशा मसुद्यावर मुदतीत हरकती व सूचना पाठवणे हे संघटनेचे कायमचे काम असावे आणि त्यासाठी राजपत्रावर लक्ष ठेवणारा एक सभासद नेमावा.

तोंडी सूचनांच्या बाबतीत, तक्रारीआधी माहितीच्या अधिकारात संबंधित परिपत्रकाची प्रत मागावी. परिपत्रक नसेल तर तेच तुमच्या निवेदनाला जोडता येईल. परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा आदेश आला, तर नियम २९ खाली ३० दिवसांत खात्याच्या प्रमुखांकडे अपील करता येते, हेही सभासदांना कळवावे.

एकर जमिनीचा प्रश्न थोडा वेगळ्या बाजूने पाहावा. मंत्रालयाने २०२१ मध्येच स्पष्ट केले होते की कंपन्या, स्वयंसेवी संस्था, खासगी आस्थापना, वाहनविषयक संघटना अशा कायदेशीर संस्था मान्यतेसाठी अर्ज करू शकतात. म्हणून सभासदांनी मिळून एक संस्था नोंदवून जिल्ह्यात एकच सामायिक केंद्र उभारले आणि वर्गाचे तास आपापल्या स्कूलमध्ये घेण्याची परवानगी मागितली, तर ती मागणी नियम रद्द करण्यापेक्षा मान्य होण्यासारखी आहे.

धागाकर्त्याचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. समान शुल्काचा विषय पुढील बैठकीत मागे घेण्याचा प्रस्ताव मांडतो आणि तीन पत्रांचे मसुदे वेगळे करतो. सामायिक केंद्राची कल्पना आमच्यापैकी कोणालाच सुचली नव्हती. वर्ग एका जागी आणि मैदान दुसऱ्या जागी, अशा रचनेला मान्यता मिळालेले एखादे केंद्र कोणाच्या पाहण्यात असेल, तर त्यांनी अर्जासोबत कोणती कागदपत्रे जोडली होती आणि मैदान मालकीचे होते की भाडेपट्ट्याचे, एवढे कृपया येथे कळवावे. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीपुढे आपल्या व्यवसायाचा विषय कोणी मांडला असल्यास तो अनुभवही वाचायला आवडेल.