ट्रेलवर रिव्हॉल्व्हर की पिस्तूल?

प्रश्न: मी बोझमन, मोंटानाला राहते, सिटिझन आहे. डोंगरात एकटीच फिरते. रुगर एलसीआर रिव्हॉल्व्हर (.३५७, पाच गोळ्या) घेऊ की ग्लॉक ४३एक्स पिस्तूल (९ मिमी, दहा गोळ्या)? पिस्तुलाची स्लाइड (गोळी चढवायला मागे ओढायचा वरचा भाग) ओढताना माझी बोटं सटकतात.

उत्तर: ताई, मग रिव्हॉल्व्हरच. गोळी फुसकी निघाली तर नुसता चाप पुन्हा ओढायचा, पुढची गोळी समोर येते. चाप मात्र जड असतो. आणि एवढ्या हलक्या हत्यारातून .३५७ झाडली की तळहात झणझणतो! सरावाला त्यातच चालणारी, कमी झटक्याची .३८ स्पेशल गोळी भरा.

उत्तर: ग्रिझली अस्वलांच्या मुलखात आधी बेअर स्प्रे (अस्वलाला परतवणारा तिखट फवारा), तोही छातीच्या पट्ट्यावर, सॅकमध्ये अजिबात नको. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात २०१० पासून बंदूक बाळगता येते, पण झाडायला बंदी आहे.

प्रश्नकर्ती: स्प्रे आहेच, पण सॅकच्या बाजूच्या कप्प्यात. आजच पुढे घेते. दोन्ही हत्यारं रेंजवर भाड्याने चालवून बघते.