६ डिसेंबरला विहारात मंडेलांचा फोटो ठेवावा का?

कळंबचा कार्यकर्ता
जयभीम. यवतमाळ जिल्ह्यातलं आमचं छोटं गाव. यंदा ६ डिसेंबरच्या अभिवादनाला बाबासाहेबांशेजारी दक्षिण आफ्रिकेच्या नेल्सन मंडेलांचा फोटो ठेवावा असं आम्ही पोरांनी सुचवलं आणि समितीत दोन तट पडले. मंडेला ५ डिसेंबर २०१३ च्या रात्री गेले. जोहान्सबर्गला नऊला दहा कमी होते, आपल्याकडे बारा वाजून वीस मिनिटं. म्हणजे इथं ६ तारीख लागली होती! रंगावरून माणसाला हीन ठरवणाऱ्या कायद्यांशी लढताना २७ वर्षं तुरुंगात काढली. त्यातली १८ रॉबेन बेटावर. चुन्याच्या खाणीतल्या लख्ख उजेडानं डोळे कायमचे अधू झाले. बाबासाहेबांना भारतरत्न मिळालं १९९० मध्ये, मंडेलांनाही त्याच वर्षी. मग शेजारी फोटो ठेवला तर काय बिघडलं?

वर्ध्याची लेक
माझा विरोध आहे. त्या दिवशी आई कापूस वेचून येते. बोंडांनी बोटं चिरलेली असतात. हात धुऊन पांढरं लुगडं नेसते आणि मेणबत्ती घेऊन विहारात जाते. तिला अक्षर येत नाही, पण तो एक चेहरा येतो. तिचा दिवस वाटून घेऊ नका. मंडेला ११ फेब्रुवारी १९९० ला सुटले, त्या तारखेला कार्यक्रम करा. मी स्वतः येईन.

अकोटचा दादा
ताई, वाटून घ्याचा सवालच नाही. बाबासायबानं सोताच बुद्ध, कबीर, फुले असे तीन गुरू सांगतले. त्याईच्यानं बाबासायब लहान झाले काय? पोरं जगाकडं पाहून रायली, पाहू द्या.

भंडाऱ्याहून
माझी हरकत वेगळी आहे. मंडेला म्हटलं की लोक फक्त 'माफी' सांगतात. २००६ ला खैरलांजीत दलित कुटुंबाचं हत्याकांड झालं, ते आमच्याच जिल्ह्यात. त्यानंतर आम्हालाच 'विसरा, सलोखा ठेवा' सांगणारे मी पाहिलेत. त्यांच्या हाती हा फोटो गेला तर?

कळंबचा कार्यकर्ता
दादा, तुमचं दुखणं खरं आहे. पण तिथं माफी फुकट वाटली नाही. वर्णभेदाच्या काळातले गुन्हे तपासणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगापुढे ज्यानं आपला राजकीय गुन्हा पूर्ण कबूल केला, त्याचाच माफीसाठी विचार झाला. हजारो अर्ज फेटाळले गेले. आधी सत्य, मग सलोखा. हेच तर सभेत सांगायचं आहे. आणि मंडेलांनी १९९९ ला राष्ट्राध्यक्षपदाचा एकच कार्यकाळ करून खुर्ची सोडली, हेही.

भंडाऱ्याहून
मग हे फोटोखाली मोठ्या अक्षरात लिहा. नाहीतर माझा नकार कायम.

वर्ध्याची लेक
लिहा, आईला मीच वाचून दाखवीन. पण फेब्रुवारीत. ६ तारखेला नाही.