जुना संगणक: रॅमआधी प्रोसेसर तपासावा

जुन्या संगणकासाठी डिस्ट्रो (लिनक्स प्रणालीची तयार आवृत्ती) निवडताना केवळ रॅम पाहावी आणि हलके डेस्कटॉप (पडद्यावरील खिडक्या व मेनू सांभाळणारी प्रणाली) घ्यावे, असे अनेकदा सुचवले जाते. डेस्कटॉपबाबत मी सहमत आहे. एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी यांसारखे हलके डेस्कटॉप २ जीबी रॅमवर चांगले चालते. परंतु त्याआधी प्रोसेसर ३२ बिटचा आहे की ६४ बिटचा हे तपासणे अत्यावश्यक आहे, कारण ६४ बिटचे डिस्ट्रो ३२ बिटच्या प्रोसेसरवर चालत नाही; उबंटू या डिस्ट्रोने ३२ बिटची डेस्कटॉप प्रतिमा (इन्स्टॉल करण्यासाठीची फाइल) २०१७ मधील १७.१० आवृत्तीपासूनच बंद केली आणि ज्या डेबियन या डिस्ट्रोवर आपण सारे विसंबून होतो, त्याच्या ऑगस्ट २०२५ मधील तेराव्या आवृत्तीतही ३२ बिट पीसीसाठी इन्स्टॉलर उरलेला नाही.

मात्र आधीची विंडोज ३२ बिटची होती म्हणून प्रोसेसरही तसाच असेल, असे मुळीच गृहीत धरू नये. माझ्या भावाच्या जुन्या लॅपटॉपबाबत मी हीच चूक केली आणि दोन वर्षे त्यावर विनाकारण ३२ बिटचे डिस्ट्रो वापरले. ३२ बिटचे कोणतेही लाइव्ह डिस्ट्रो (इन्स्टॉल न करता चालणारे) पेन ड्राइव्हवरून सुरू करून टर्मिनलमध्ये 'एलएससीपीयू' (lscpu) ही आज्ञा दिली, की प्रोसेसर ३२ बिट, ६४ बिट यांपैकी कोणत्या पद्धतींत चालतो हे पहिल्या काही ओळींतच दिसते.