मदत हवी आहे: टाटा २०७ चा डॅशबोर्ड बदलायचाय (नाशिक)

नमस्कार मंडळी. आमची २००८ ची टाटा २०७ पिंपळगाव आणि पंचवटीच्या मार्केट यार्डात टोमॅटो-कांदा वाहते. इंजिन ठणठणीत आहे, पण डॅशबोर्ड पार गेलाय. वर्षानुवर्षं गाडी उन्हात उभी राहून काचेखालचं प्लॅस्टिक कडक झालं, आणि आता मीटरच्या वरून थेट डाव्या दरवाजापर्यंत तडा गेलाय. खड्डा आला की मीटरचा अख्खा भाग हलतो. आतल्या वायरी पत्र्याला घासून वरचं आवरण सोलायला लागलंय. खरी काळजी त्याचीच आहे. शॉर्टसर्किट झालं तर गाडीच जाईल.

जुन्या गाडीचा काढलेला डॅशबोर्ड चालेल, फक्त बोल्ट बसतात ते कान शाबूत हवेत. फायबर लावून सांधलेला शक्यतो नको, आमच्या रस्त्यांवर तो टिकेल असं वाटत नाही. द्वारका, सातपूर, अंबड भागात कुठे मिळेल? मीटर आमचाच ठेवायचाय, किलोमीटर खरे राहावेत म्हणून. मिस्त्री मात्र आधी बॅटरी सोडवून, प्रत्येक सॉकेटला खूण करून मग खोलणारा हवा. स्टिअरिंग उतरवावं लागतं का? मजुरी किती पडते? ज्यांनी हे काम करून घेतलंय त्यांनी कृपया सांगा. द्राक्षाचा हंगाम सुरू व्हायच्या आत उरकायचंय.