टायबेरियस सत्तेने बिघडला की सत्तेमुळे उघडा पडला?

मूळ मुद्दा
रोमन सम्राट टायबेरियस इ.स. ३७ मध्ये वारला. त्याच्या आयुष्याचा ताळेबंद रोमन इतिहासकार टॅसिटसने एका लहानशा परिच्छेदात मांडला आहे. आधीचा सम्राट ऑगस्टस याच्या हाताखाली असेतोवर त्याची वागणूक आणि कीर्ती उत्तम होती. दत्तक मुलगा जर्मानिकस आणि सख्खा मुलगा ड्रूसस हयात होते तोवर त्याने सद्गुणांचे सोंग वठवले. आई लिव्हिया होती तोवर बरेवाईट मिसळलेले राहिले. अंगरक्षक दलाचा प्रमुख सेजानस याच्या काळात क्रौर्य उघड झाले, पण विषयवासना झाकलेली होती. आणि ज्याची भीड किंवा भीती बाळगावी असे कोणीच उरले नाही, तेव्हा तो मूळ वळणावर गेला. मला हे पटते. एकेक पहारा उठत गेला आणि आतला माणूस बाहेर आला.

प्रतिसाद १
मला पटत नाही. सत्ता हाती आली तेव्हा टायबेरियस ५४ वर्षांचा होता. इतकी वर्षे निभावलेल्या वागण्याला सोंग म्हणायचे, तर मग स्वभाव कशाला म्हणायचे? शिवाय विरुद्ध मत टॅसिटसनेच त्याच्या आधी थोड्याच ओळींवर नोंदवले आहे. सम्राटाचे दिवस भरत आले आहेत, थोडे थांबा, असे मित्र विनवत असताना सिनेटचा, म्हणजे रोमच्या राज्यसभेचा, सभासद लुसियस अरुन्टियस याने आत्महत्या केली. जाताना तो म्हणाला की, एवढा अनुभवी टायबेरियससुद्धा सत्तेच्या जोराने बदलून गेला, तर त्याच्या जागी येणाऱ्या तरुण कॅलिग्युलाकडून काय आशा धरावी!

मूळ लेखक
ते मत अरुन्टियसचे आहे. स्वतःच्या निवेदनात टॅसिटस निराळे सांगतो.

प्रतिसाद १
पण नंतरचा एक सम्राट व्हेस्पेसियन सत्तेवर आल्यावर सुधारला, हे तर टॅसिटस स्वतःच्याच शब्दांत सांगतो. तिथेही ‘मूळचा चांगुलपणा उघड झाला’ असे म्हणणार असाल, तर तुमचा सिद्धान्त कोणत्याही पुराव्याने खोटा ठरू शकणार नाही.

प्रतिसाद २
दोघेही एकाच माणसाची नाडी पाहत आहात. राजद्रोहाचा आरोप सिद्ध झाला की दोषीच्या मालमत्तेचा चौथा हिस्सा फिर्यादीला मिळत असे, आणि हे फिर्यादी अनेकदा सिनेटचेच सभासद असत. सभागृहातून बाहेर पडताना टायबेरियस या सभासदांविषयी ‘गुलामगिरीलाच लायक माणसे’ असे पुटपुटत असे, हेही टॅसिटसनेच लिहून ठेवले आहे. ज्याच्यापुढे ते लोटांगण घालत होते, त्यालाच त्यांची किळस येत होती. त्यांच्यावर तर सत्तेचा भार नव्हता. मग त्यांना कोणी बिघडवले?