अंगावर काढणं म्हणजे अडाणीपणा नाही

शेतकरी अडाणीपणामुळे दुखणं अंगावर काढतात, असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. आमच्या नाशिक जिल्ह्यात निफाड-दिंडोरीकडे ऑक्टोबरात द्राक्षाची गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) झाली की बाग सोडताच येत नाही, फुलोऱ्यात पाऊस आला आणि डावणी या बुरशीच्या रोगावरची एक फवारणी हुकली की घडच्या घड जातात. मग हर्नियाचं ऑपरेशन "माल उतरल्यावर बघू", आणि माणूस एका हाताने जांघ दाबत ट्रॅक्टरवर चढतो. सिव्हिलला ऑपरेशन फुकट होतं हो, पण तेवढे दिवस बाग कोण बघणार? आणि तोवर हर्नियात आतडं अडकलं तर जिवावर बेततं, वाचला तरी कित्येक आठवडे वजन उचलायचं नाही, म्हणजे माल उतरल्यावरची एप्रिलची खरड छाटणीही मजुरांच्याच भरवशावर. तपासणी शिबिरं पावसाळ्यात, छाटणीच्या आधी ठेवा ना, तेव्हा लोक येतील.