मदत हवी आहे : रोम पहिल्यांदाच, पूर्ण दिवस तीनच, सोबत आई-बाबा

प्रश्न

नमस्कार. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघे (मी, नवरा, आई, बाबा) रोमला जायचं ठरवतोय. शुक्रवारी दुपारी फ्यूमिचीनो विमानतळावर उतरणार, मंगळवारी सकाळी परतीचं विमान. म्हणजे शनिवार, रविवार आणि सोमवार एवढेच हातात. आईचे गुडघे दुखतात, जिने आणि चढ झेपत नाहीत. आई-बाबा पक्के शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही. व्हिसा अजून व्हायचा आहे. कोणत्या दिवशी काय बघावं? तिकिटं आत्ताच काढून ठेवावीत का? राहायला कुठला भाग बरा? कृपया जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद १

रोममध्ये यादी करण्याआधी वार बघायचे. व्हॅटिकनची संग्रहालयं रविवारी बंद (महिन्याचा शेवटचा रविवार सोडून, पण तेव्हा प्रवेश फुकट असल्याने गर्दी असह्य). बोर्गेझे गॅलरी (चित्र-शिल्पांचं संग्रहालय) सोमवारी बंद. कोलोसियम रोज उघडं. तुमचे तीन वार पाहता मांडणी जवळजवळ आपोआप होते :

शनिवार – सकाळी बोर्गेझे, दुपारी पँथिऑन (प्राचीन रोमन मंदिर) आणि आसपास.
रविवार – कोलोसियम आणि रोमन फोरम (प्राचीन रोमच्या मुख्य चौकाचे अवशेष). रविवारी त्यांच्यासमोरचा मोठा रस्ता वाहनांना बंद असतो, चालायला सुख.
सोमवार – सकाळी आठच्या वेळेला व्हॅटिकन संग्रहालयं, नंतर सेंट पीटर्स चर्च.

ट्रेव्ही कारंजं आणि स्पॅनिश पायऱ्या शुक्रवारी रात्री करून टाका. दोन्ही उघड्यावर आहेत, त्यांच्यासाठी दिवसाचा वेळ घालवू नका.

आता तिकिटांचा क्रम. आधी व्हिसा. शेंगेन (इटलीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामाईक व्हिसा) अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निर्णयाची नेहमीची मुदत १५ दिवस, पण ती ४५ पर्यंत लांबू शकते. शुल्क मोठ्या माणसाला ९० युरो, अर्ज केंद्राची फी वेगळी. प्रवासविम्याचं संरक्षण किमान ३०,००० युरोंचं हवं. पासपोर्ट परतीनंतर किमान तीन महिने वैध आणि दहा वर्षांच्या आत काढलेला पाहिजे. अर्ज जुलैमध्येच करा. ऑगस्टला टेकलात तर अपॉइंटमेंट मिळण्यातच आठवडे जातात.

प्रेक्षणीय स्थळांची तिकिटं व्हिसासाठी लागत नाहीत. व्हॅटिकनची विक्री साधारण ६० दिवस आधी सुरू होते, माणशी २० युरो आणि ऑनलाइन आरक्षणाचे ५. कोलोसियमचं साधं तिकीट १८ युरोंचं, ते ३० दिवस आधी सुटतं. जुलैत अर्ज केलात तर त्या दिवसापर्यंत व्हिसा बहुधा हातात असेल. कोलोसियमचं तिकीट नावावर असतं, बदलत नाही आणि चांगल्या वेळा भराभर संपतात. त्यामुळे त्या तारखेचा गजर लावून बसा. खरेदी अधिकृत संकेतस्थळावरच करा. शोधात सगळ्यात वर दिसतात ते बहुतेक दलाल असतात, तेच तिकीट दुप्पट भावात विकतात.

कोलोसियमच्या तिकिटात फोरम आणि पॅलाटाइन टेकडीही येते. तिकीट २४ तासांचं, पण फोरम-पॅलाटाइनमध्ये एकदाच जाता येतं. बाहेर पडलात की संपलं, म्हणून मध्येच जेवायला बाहेर येऊ नका.

प्रतिसाद २

वरच्या मांडणीशी सहमत. आईंच्या गुडघ्यांबद्दल सविस्तर सांगतो, कारण रोममध्ये बेत फसतो तो याच बाबतीत.

कोलोसियममध्ये लिफ्ट आहे. ती शोधत फिरू नका, आत शिरल्यावर कर्मचाऱ्यांना सांगा. खरा त्रास फोरममध्ये. तिथला प्राचीन रस्ता बसाल्टच्या मोठमोठ्या दगडांचा आहे, कडा झिजून गोल झाल्यात आणि दोन दगडांमध्ये बोटभर खोल फटी. पाऊस पडला की तेच दगड निसरडे होतात. ऑक्टोबरात पाऊस असतो, तेव्हा जाड रबरी तळव्याचे, घोट्याला धरून ठेवणारे बूट हवेत. सॅंडल नको. पॅलाटाइन चढाची आहे, ती आईंसाठी सोडून द्या. फोरमच्या मुख्य रस्त्याकडच्या दारातून उतार उतरून आत जा, तासाभरात परत फिरा.

व्हॅटिकनमध्ये चाकाची खुर्ची मोफत मिळते, ओळखपत्र ठेवून घेतात. ही खुर्ची नक्की घ्या. सिस्टीन चॅपेल मार्गाच्या अगदी शेवटी आहे. एकट्या नकाशांच्या दालनाची लांबी १२० मीटर, आणि तशी दालनं एकामागून एक. थकलेल्या पायांनी चॅपेलमध्ये पोचून मान वर करून उभं राहायचं, यात मायकेलअँजेलोच्या छताचा आनंद उरत नाही. तिथे भिंतींना लागून बाक आहेत. जागा रिकामी होताच आईंना बसवा आणि निवांत छत बघू द्या. ते १५०८ ते १५१२ मध्ये रंगवलं, समोरच्या भिंतीवरचा 'अंतिम न्याय' त्याहून दोन दशकांनी नंतरचा. फोटोंना मनाई आहे.

सेंट पीटर्सला प्रवेश फुकट, रांग आहे ती सुरक्षा तपासणीची. संग्रहालयाचं दार व्हॅटिकनच्या भिंतीच्या उत्तरेला, चर्चचं पूर्वेला, मध्ये पंधरा-वीस मिनिटांची चाल. दुपारी जेवून विश्रांती घ्या आणि चारनंतर जा, रांग ओसरते. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, साडी-सलवार उत्तम. घुमटावर मात्र नको : लिफ्ट घेतली तरी वर ३२० पायऱ्या उरतात.

प्रश्नकर्ती

खूप खूप धन्यवाद, एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं. राहण्याचं आणि विमानतळावरून येण्याचं सांगाल का? शिवाय तिकिटावरच्या नावाचा एक गोंधळ आहे. आईच्या पासपोर्टवर नावाच्या रकान्यात तिचं आणि बाबांचं अशी दोन्ही नावं आहेत, आडनाव वेगळं.

प्रतिसाद ३

नाव : पासपोर्टच्या 'गिव्हन नेम' रकान्यात जे आहे ते सगळं पहिल्या रकान्यात, आडनाव दुसऱ्यात. घरचं किंवा माहेरचं नाव नको. दारावर तिकीट आणि ओळखपत्र ताडून बघतात, म्हणून मूळ पासपोर्ट जवळ ठेवा.

राहणं : पियाझा देला रेपुब्लिकाच्या आसपास. मेट्रोची ए लाइन तिथूनच ओट्टाव्हियानोला, म्हणजे व्हॅटिकनपाशी, थेट नेते. कोलोसियमला जाताना तेर्मिनीला (मुख्य रेल्वे स्थानक) एकदा बदल, मग बी लाइनवर दुसरं स्टेशन. जुन्या इमारतींमध्ये हॉटेल तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही असं सर्रास असतं, आरक्षणाआधी लेखी विचारा. पालिकेचा कर खोलीभाड्यात धरलेला नसतो. तीन तारांकित हॉटेलला माणशी रात्रीला ६ युरो, म्हणजे चौघांचे चार रात्रींचे ९६.

विमानतळ : लिओनार्दो एक्स्प्रेस ही रेल्वे माणशी १४ युरो, ३२ मिनिटांत तेर्मिनी. चौघांनी सुटी तिकिटं काढली तर ५६. अधिकृत पांढऱ्या टॅक्सीचा जुन्या तटबंदीच्या आतपर्यंतचा ठरलेला दर ५५, तोही गाडीचा, सामानासह. रेपुब्लिका तटाच्या आत येतं, तेव्हा तुम्ही सरळ टॅक्सी घ्या. बसण्याआधी 'तारिफ्फा फिस्सा' (ठरलेला दर) म्हणून खात्री करा, आणि टर्मिनलच्या आत जवळ येऊन 'टॅक्सी, टॅक्सी' म्हणणाऱ्यांबरोबर जाऊ नका. इटलीत संप बऱ्याचदा शुक्रवारी असतात, आदल्या दिवशी बातमी बघून ठेवा.

मेट्रो-बसला १.५० युरो, कार्ड टॅप केलं की झालं, पण माणशी वेगळं कार्ड लागतं. आपल्या बँकांच्या कार्डांवर परदेशी व्यवहार आणि टॅप दोन्ही आधी बंद असतात, निघण्यापूर्वी ॲपमधून चालू करा. तेर्मिनी-व्हॅटिकन ६४ नंबरची बस खिसेकापूंसाठी प्रसिद्ध आहे, ती टाळा.

प्रतिसाद ४

खाण्याचं राहिलंच. अंडं चालत नाही म्हणजे ताजा पास्ता बंद, त्यात बहुधा अंडं असतं. वाळवलेला स्पॅगेटी किंवा पेन्ने चालतो, सॉस टोमॅटोचा. काचो ए पेपे (चीज-मिरीचा पास्ता) वरवर शाकाहारी दिसतो, पण त्यातलं पेकोरिनो रोमानो चीज कोकराच्या जठरातल्या रेनेटने (दूध विरजणारा पदार्थ) विरजलेलं असतं. पार्मेजानचंही तसंच, रेनेट वासराचं. हे चालतं का, ते आई-बाबांना आधीच विचारा. चीजविना हवा असेल तर पिझ्झा मारिनारा : टोमॅटो, लसूण, ओरेगानो.

सगळ्यात मोठा चकवा म्हणजे तळलेली भोपळ्याची फुलं. आपल्याला वाटतं भजीच, पण आत मोझरेलाबरोबर अँचोव्ही मासा असतो. सुप्ली म्हणजे भाताच्या तळलेल्या गोळ्यांमध्येही खिमा असतो. 'सेंत्सा कार्ने, सेंत्सा पेशे, सेंत्सा उओवा' (मांस, मासे, अंडं नको) एका कागदावर लिहून दाखवा. जेलातोत (इटालियन आइस्क्रीम) दूध-मलईचे स्वाद सोडा, त्यात अंडं असू शकतं. फळांचं सोर्बेत्तो घ्या.

रात्रीची स्वयंपाकघरं साडेसातच्या आधी क्वचितच सुरू होतात. आई-बाबांना लवकर जेवायची सवय असेल तर तुकड्यांनी, वजनावर विकला जाणारा पिझ्झा दिवसभर मिळतो. पियाझा व्हित्तोरियोजवळच्या एस्क्विलिनो बाजारात डाळ-तांदूळ, मिरच्या, कोथिंबीर सगळं आहे, स्वयंपाकघराची सोय असलेली खोली घेतलीत तर उपयोगी.

पाण्याच्या बाटल्या विकत घेऊ नका. रस्त्यांवर 'नासोनी' नावाचे लोखंडी नळ अखंड वाहतात, पाणी पिण्याचं आणि थंडगार. नळाचं तोंड बोटाने दाबून धरलं की वरच्या छोट्या भोकातून धार उडते, मग आईंना वाकावं लागणार नाही.